आर्ट्‌सच्या पोरींचं काय करायचं?

गेल्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्याच्या बैठकीत एक ठराव जवळजवळ पास झाला होता. मुलींच्या शिक्षणासाठी आपण वर्गणी काढून जो लहानसा निधी चालवतो, त्यातून यापुढे फक्त ‘पायावर उभं करणाऱ्या’ शिक्षणाला मदत करायची. नर्सिंग, आय.टी.आय., फार्मसी, संगणक. बी.ए.ला नाही. ‘‘आर्ट्‌सला पैसे देणं म्हणजे लग्न दोन वर्षं लांबवण्याचा खर्च,’’ असं एक ताई म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. मग सोयगावची गाडी गाठायची म्हणून पिशवी उचलून निघाले. काय बोलायला हवं होतं ते सुचलं, तेव्हा गाडी अजिंठ्याचा घाट उतरत होती. माझं नेहमी असंच होतं.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. म्हणून मैत्रिणींनो, या वेळी आधीच लिहून ठेवते.

पहिल्यांदा माझा स्वार्थ सांगून टाकते. मी तालुक्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे, तेही कधी हातात पडतील ते खरे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. आर्ट्‌सचे प्रवेश कमी झाले तर पहिली मीच घरी बसणार. तेव्हा माझं म्हणणं तपासूनच घ्या.

सोयगाव घाटाखाली आहे. जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, शंभर किलोमीटरच्या पलीकडे. बाजार, दवाखाना, सोयरिकी बऱ्याचशा पाचोरा-जळगावकडे. बारावीनंतर मुलीला बाहेर ठेवायचं म्हणजे होस्टेल आलं, मेस आली, आणि गावाच्या तोंडाला उत्तर देणं आलं. २०२४ मध्ये सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच केलं. पण आमच्याकडच्या मुलीचं घोडं फीच्या आधीच पेंड खातं, संध्याकाळी घरी परत येण्यापाशी. सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारच्या गाडीनं परतता येईल एवढ्या अंतरावर जे कॉलेज असेल, त्यात जी शाखा असेल, ती तिची शाखा. ती बहुतेक वेळा आर्ट्‌स असते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यानं घरच्यांची एक सबब कमी झाली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हाचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलगे मोटरसायकलवर आले. मुली आल्या नाहीत. संप मिटल्यावर त्यांतल्या काहीजणी गळ्यात मंगळसूत्र घालून परीक्षेला आल्या, काही आल्याच नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे माझ्यासमोर बाकावर बसलेली प्रत्येक मुलगी एक चाळणी पार करून आलेली आहे. तिला आपण सांगायचं की बाई, तुझी शाखा चुकली? आणि लग्न दोन वर्षं लांबलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? एरवी आपणच बालविवाह थांबवायला रात्री-अपरात्री पोलीस पाटलाचं दार वाजवतो.

पण मी लग्न लांबतं म्हणून मदत मागत नाही. तेवढ्यासाठी शिवणक्लासही चालेल. मी बोलते आहे ते त्या वर्गात जे शिकवतात त्याबद्दल. कविता, कथा, नाटक, चित्र. ज्याला आपल्या बैठकीत कुणीतरी ‘सुखवस्तू बायकांचे चोचले’ म्हणालं त्याबद्दल.

तुमचा आक्षेप निम्मा खरा आहे हे कबूल करते. आमच्याकडे आर्ट्‌सचं पहिलं वर्ष ज्या पद्धतीनं पार पडतं, त्याला शिक्षण म्हणायला माझीही जीभ अडखळते. जूनमध्ये प्रवेश, ऑगस्टपर्यंत वर्ग जेमतेम भरतो, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की मुली दिसेनाशा होतात. परीक्षेच्या आठ दिवस आधी बाजारात गाईड येतं. पुस्तक कुणी घेत नाही, गाईड घेतात. एकीनं घ्यायचं, चौघींनी झेरॉक्स काढायची. कवितेखाली ‘मध्यवर्ती कल्पना’, ‘भाषाशैली’, ‘शीर्षकाची समर्पकता’ असे ठरलेले मथळे, त्याखाली ठरलेली वाक्यं. कुठल्याही कवयित्रीची कविता असो, ती ‘स्त्रीमनाची व्यथा हळुवारपणे’ मांडते. मी एकदा वर्गात विचारलं, हळुवारपणे म्हणजे कसं? कुणालाच सांगता येईना. एकीनं फार विचार करून सांगितलं, ‘‘म्हणजे शेजारच्याले ऐकू जाणार नाही असं.’’

ही मुलगी लक्षात ठेवा. पुढे तिच्याबद्दल सांगायचं आहे.

तिचं ते ‘शेजारच्याले’ ऐकून वर्ग हसला होता. आमच्या भागात मराठवाडी आणि खानदेशी एकमेकींत मिसळतात. घरात, शेतात सगळ्या ‘मले-तुले’च बोलतात, पण कॉलेजच्या फाटकाशी ती बोली पायताणासारखी बाहेर काढून ठेवायची असते. त्या दिवशी मी ठरलेला धडा सोडून बहिणाबाई चौधरींचं पुस्तक काढलं. जळगावजवळच्या असोद्याचा जन्म, १८८० सालचा. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपाशी ज्या ओव्या सुचल्या त्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. हे सगळं मुलींना शाळेपासून पाठ आहे, दोन गुणांचा प्रश्न असतो. पण पुस्तकातली भाषा आपल्या आजीची आहे, आणि जिला आपण आत्ता हसलो तिचीही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. वर्ग जरा गप्प झाला.

मग मी सांगितलं, घरी जाऊन आजीला नाहीतर शेजारच्या म्हातारीला ओवी विचारा आणि लिहून आणा. दुसऱ्या दिवशी बहुतेकजणी म्हणाल्या, ‘‘आमच्या आजीले काही येत नाही.’’ मी म्हटलं, पुन्हा विचारा, पण तिच्याजवळ बसून, काहीतरी निवडत निवडत विचारा. आठवडाभरात वह्या भरायला लागल्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांसोबत जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, हे आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहेच. याच तालुक्यातल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी ‘पळसखेडची गाणी’मध्ये आमच्याकडची लोकगीतं एकत्र केली. मुलींना मात्र वाटत होतं की साहित्य पुण्याहून येतं. एका मुलीची आजी नातीला म्हणाली, ‘‘हे लिहून मास्तरणीला काय करायचंय? यात माझ्या सासूला शिव्या आहेत.’’

आता चित्रांकडे येते, कारण आमच्या तालुक्यात राहून साहित्य-कलेबद्दल बोलायचं आणि लेण्यांचं नाव घ्यायचं नाही असं कसं होईल? अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. १९८३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. जगातून माणसं येतात. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींनी ती पाहिलेली नव्हती. काहींचे भाऊ तिथे दगड विकतात, फोटो काढतात, काहींचे वडील हॉटेलात कामाला आहेत. मुलींना तिथे काय काम?

मी दोन वर्षं मागे लागून सहल नेली. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला. फर्दापूरच्या फाट्यावरून आतल्या गाडीनं चार किलोमीटर, चाळीस रुपये तिकीट. जाताना गाडीत मी त्यांना ख्रिस्तियाना हेरिंगहॅमची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधली बाई. स्वतः चित्रकार, आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्यांपैकी एक. ती १९०९ ते १९११ मधल्या हिवाळ्यांत इथे आली, फर्दापूरला तंबू ठोकून राहिली, आणि वटवाघळांच्या वासात, अंधारात उभं राहून तिनं या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला उतरवल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार तिच्या मदतीला होते. १९१५ मध्ये त्या नकलांचं पुस्तक निघालं. पुढे तिचं मन बिघडलं आणि उरलेलं आयुष्य इस्पितळांत गेलं, तेही सांगितलं. चांगलं तेवढंच सांगायची मला सवय नाही. ही गोष्ट मी मुलींना सांगितली खरी, पण आपल्या बैठकीत सांगायला हवी होती. मतासाठी लढणाऱ्या त्या बाईला चित्र हा चोचला वाटला नव्हता.

दुसऱ्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. दुसऱ्यांची मुलं खाणारी यक्षिणी. बुद्धानं तिचं धाकटं पोर लपवलं, तेव्हा तिला आईपण कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. तिच्या पायथ्याशी शाळा कोरलेली आहे. हातात छडी घेतलेले गुरुजी, पुढे बसलेली मुलं शिकताहेत, मागच्यांचा दंगा चाललाय. मुली खूप हसल्या, दीड हजार वर्षांत काही बदललं नाही म्हणाल्या. मग एकजण वाकून बारकाईनं बघत होती ती म्हणाली, ‘‘मॅडम, यात पोरी कुठे आहेत?’’ मी काही उत्तर दिलं नाही. नंतर प्रत्येक लेण्यात त्या पोरीच मोजत होत्या.

सोळाव्या लेण्यात आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. तिथे ते प्रसिद्ध चित्र आहे. आसनावर एक स्त्री, मान खाली टाकलेली, डोळे मिटत आलेले, मागून एकजण तिला सावरते आहे, एकजण पंखा हलवते आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्याला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असं नाव दिलं आणि अजून तेच चालतं. पुढे अभ्यासकांनी चित्राचा संदर्भ लावला. ही सुंदरी, नंदाची बायको. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. त्याला संन्यासाची फारशी ओढ नव्हती, मन बायकोतच होतं, तरी त्याला भिक्षू करण्यात आलं. त्याचा मुकुट घरी परत आला आणि तो बघून ही अशी झाली. अश्वघोषाचं ‘सौंदरनंद’ हे काव्य याच कथेवर आहे. सांगितलं सगळं. करुण रस, रेषेचा लवचीकपणा, हाताच्या बोटांचं रेखाटन. गाईडमध्ये असतं तसंच, फक्त तोंडी.

ती ‘शेजारच्याले’वाली मुलगी चित्रासमोरून हलेना. मागे पुढच्या टोळीची रांग लागली होती, राखणदार ‘चला, चला’ करत होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, हिले मरायले टेकलेली कोण म्हनलं? नवरा गेला म्हनून बाई मरते का? माझी आत्या चौदा वर्षं झाली, आमच्याकडं आहे. ती नाही मेली. ती कापूस वेचते.’’

मैत्रिणींनो, त्या आत्याला मी ओळखते. म्हणजे ओळखत होते असं मला वाटत होतं. काही वर्षांपूर्वी ती आपल्या केंद्रात आली होती, तिचा अर्ज मीच भरला होता. नाव, वय, लग्नाचं साल, मुलं किती, नवऱ्याचं उत्पन्न, दुसरं लग्न केलंय का, पोटगी मागायची का. ‘परित्यक्ता’ हा शब्द मी माझ्या हातानं त्या अर्जावर लिहिला. त्यातलं काहीही चूक नव्हतं. अर्ज तसाच भरावा लागतो, नाहीतर कोर्टात टिकत नाही. पण चौदा वर्षं ती बाई भावाच्या घरात कशी राहिली, सकाळी उठून पहिल्यांदा काय बघते, कुणाशी काय बोलते, हे विचारायला अर्जात रकाना नव्हता, आणि मीही विचारलं नाही. तिच्या भाचीनं एका भिंतीपुढे उभं राहून ते विचारलं. ‘पुढे सुंदरीचं काय झालं?’ हा प्रश्न तिनं मला परतीच्या गाडीत तीनदा केला. नंदाचं पुढे काय झालं ते काव्य सविस्तर सांगतं. मी तिला थेरीगाथेबद्दल सांगितलं, बुद्धाच्या काळातल्या भिक्षुणींच्या स्वतःच्या तोंडच्या गाथा आहेत, त्यांत घर सोडून आलेल्या, लेकरं गमावलेल्या, नवऱ्याच्या जाचातून सुटलेल्या बायका बोलतात, असं सांगितलं. तिनं नाव वहीत लिहून घेतलं. आमच्या ग्रंथालयात ते पुस्तक नाही.

इथे गोष्ट संपली असती तर हा लेख लिहायला मला फार सोपं गेलं असतं.

त्या सत्राच्या परीक्षेत ‘तुम्हाला भावलेल्या एखाद्या कलाकृतीचा आस्वाद घ्या’ असा दहा गुणांचा प्रश्न आला. तिनं सुंदरीवर लिहिलं. आत्याही त्यात आली. मी ते उत्तर नंतर तिच्याकडून पुन्हा लिहून घेतलं, कारण मला ते हवं होतं. लेखनाच्या चुका बऱ्याच आहेत, दोन ठिकाणी ‘ले’ आलेलं आहे. पण चित्रातल्या पंखा हलवणाऱ्या दासीबद्दल तिनं लिहिलंय की हिचा हात किती वेळ चालला असेल, हिला कुणी बस म्हणालं का. आजवर अजिंठ्यावर मी जे वाचलं त्यात हे कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. तिला दहापैकी तीन मिळाले. तपासणाऱ्यांपुढे गठ्ठे असतात, त्यांना मथळे शोधायचे असतात; मीही पेपर तपासते, मला माहीत आहे.

ती मार्कलिस्ट घेऊन आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, ‘‘मॅडम, गाईडमधलं लिहिलं असतं तर?’’ मी खरं सांगितलं. ‘‘तर सात मिळाले असते.’’ पुढच्या सत्रात तिनं गाईडमधलं लिहिलं आणि तिला सात मिळाले. दोन विषय राहिले असते तर घरचे पुढच्या वर्षाला पाठवणार नव्हते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. सात गुण मिळवायला मीच शिकवलं तिला.

तेव्हा तुमचा आक्षेप निम्मा खरा आहे असं मी वर म्हटलं, ते याकरता. पण मग त्यावर उपाय काय? या मुलींच्या हातून पुस्तक काढून घ्यायचं? नर्सिंगच्या मुलीला इंजेक्शन चुकीचं द्यायला शिकवलं तर आपण नर्सिंग बंद करा म्हणत नाही, शिकवणाऱ्याला जाब विचारतो. साहित्य वाईट शिकवलं जातं तेव्हा मात्र आपण म्हणतो, जाऊ दे, त्यात होतंच काय.

आपल्या चळवळीनं तरी हे म्हणू नये. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह काढला. तेव्हा त्यांना कामं कमी होती का? ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, ते सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून पेटून. त्यात पुराणांतल्या, नाटकांतल्या बायका त्यांनी एकेक करून उलट तपासणीला घेतल्या आहेत. वाचलेलं नसतं तर तपासलं काय असतं? स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव गेलं. आपल्यातल्या कितीजणी भाषण ऐकून चळवळीत आल्या आणि कितीजणी ते नाटक बघून, हे एकदा हात वर करून मोजू या. आपली शिबिरं आजही गाण्यानं सुरू होतात. मग गाणं रचणारी पोर कुठून येणार आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानं गेल्या काही वर्षांत पहिल्या वर्षाची रचना बदलली आहे. विषयांची नावं बदलली, श्रेयांकांचे हिशेब आले, कौशल्यांचे पेपर आले. कौशल्य हवंच. पण वेळापत्रकात त्याला जागा करायची म्हटली की तास कुणाचे कापायचे, यावर स्टाफरूममध्ये पहिलं बोट भाषा-साहित्याकडे जातं. तिकडे ते कापतील, इकडे आपण निधी कापू. मधल्या मधे ती मुलगी सकाळच्या गाडीनं येत राहील, तोवर येत राहील.

तेव्हा पुढच्या बैठकीत माझं म्हणणं एवढंच आहे. बी.ए.च्या मुलींना निधीतून वगळू नका. आपण देतो ती रक्कम फीची नसतेच, ती परीक्षा फॉर्म आणि पासाची असते; तेवढ्यावर एक वर्ष तरतं, हे मी दरसाल बघते. हवं तर अट घाला, मलाही आवडेल. निधी घेणाऱ्या मुलीनं वर्षात एक पुस्तक, गाईड नव्हे, वाचून आपल्यापुढे त्यावर बोलावं. शुद्ध मराठीत नको, तिच्या मराठीत. आपल्यातल्या ज्या प्राध्यापक आहेत, अभ्यास मंडळांवर आहेत, पेपर तपासतात, त्यांनी त्या दहा गुणांच्या प्रश्नाचं काय करायचं ते बघावं. तिथे माझ्यासारख्या तासिकावालीला कुणी विचारत नाही. आणि थेरीगाथेचा मराठी अनुवाद कुणाकडे जास्तीचा असेल तर बैठकीला येताना घेऊन या. दोन प्रती मिळाल्या तर एक ग्रंथालयात ठेवीन.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. गाईड वापरते. ओव्यांची वही मात्र बंद केलेली नाही. परवा तासानंतर थांबली आणि विचारत होती, यंदा लेण्यांची सहल आहे का, असेल तर बाहेरच्या माणसाला येता येतं का. तिच्या आत्याला ते चित्र बघायचं आहे. पंचवीस-तीस किलोमीटरवर जन्म गेला, पण आत्या तिकडे कधी गेलेली नाही. कापसाची पहिली वेचणी उरकली की जमेल म्हणाली. मी मंगळवार धरला आहे आणि गाडीत एक जागा वाढवून घेतली आहे.